बाईजाच्या जाळ्यावरून

भगीरथ आगिवले पदक घेऊन आला नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फायनलला तो सहावा आला. शहापुरात बॅनर लागला, त्यावर फोटो भलत्याच माणसाचा छापला होता. ते जाऊ द्या. सांगायची गोष्ट फायनलच्या आधीच्या दोन दिवसांची आहे.

त्याची वाडी भातसा धरणाच्या फुगवट्याकाठी. पावसाळ्यात भात, उरलेल्या दिवसांत मासे. होडी कुणाला परवडते? ट्रकच्या चाकाची ट्यूब फुगवायची, वर फळी टाकून बसायचं आणि दोन हातांत दोन लाकडी तुकडे घेऊन पाणी मागे सारायचं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. भगीरथ सहा वर्षांचा असल्यापासून असाच पाण्यावर. पुढे फौजेत भरती झाला, तेव्हा तिथले होड्यांचे प्रशिक्षक शामसर यांनी त्याला कयाकमध्ये बसवलं. कयाक म्हणजे हातभर रुंद आणि पाच मीटर लांब होडी. नवखा बसला की हमखास उलटा होतो. हा बसला आणि निघाला. शामसर मूळचे त्याच भागातल्या टोकावड्याचे. "हा तर ट्यूबवाला," म्हणाले आणि त्याचं नाव लिहून घेतलं.

त्याला नऊ वर्षं झाली. एकट्याच्या हजार मीटरमध्ये तीन वर्षं देशात पहिला, तोही दोन-दोन होड्यांच्या अंतराने. आता सत्तावीस वर्षांचा झाला होता आणि आशियाई स्पर्धेला परमुलखात आला होता. त्याला बजावून पाठवलं होतं की फायनल गाठलीस तर टीममध्ये जागा राहील, नाहीतर युनिटात परत, होडी बंद. बदली गडी तयारच होता.

पहिल्या दिवशी प्राथमिक फेरी. पहिला येईल तो थेट फायनलला, बाकीच्यांना उपांत्य फेरी. भगीरथ नऊशे पंच्याण्णव मीटरपर्यंत पुढे होता आणि आला दुसरा. सेकंदाच्या शंभर भागांतले चार भाग मागे.

शामसरांनी त्याला काठावर बसवून मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. शेजारचा गडी दात खाऊन वल्हं मारतोय, आणि आमचे भगीरथराव रेषेच्या एक होडी आधी वल्हं छातीसमोर उचलून आरामात तरंगत चाललेत.

"हात का उचललेस?"

"मी नाय उचलले."

सरांनी पुन्हा दाखवलं. मग जुन्या शर्यती काढल्या. प्रत्येक शर्यतीत तेच. "देशात तू इतका पुढे असायचास की फरकच पडत नव्हता," सर म्हणाले. "माझ्या नऊ वर्षांत लक्षात आलं नाही. तू गाढव आणि मी तुझा बाप."

भगीरथ मात्र व्हिडिओत दुसरंच बघत होता. शेवटच्या रेषेवर प्रत्येक लेनच्या दोन्ही बाजूंना लाल तरंगे बांधलेले. लांबून त्यांची पाण्यावर आडवी ओळच दिसत होती. ते बघून त्याचं तोंड उतरलं. त्याला सगळं कळलं.

वाडीत जाळ्याला तरंगे म्हणून जुन्या स्लिपरचे तुकडे बांधतात. सात वर्षांचा असताना तो पैज लावून बाईजाच्या जाळ्यावरून भरधाव गेला होता. हातातलं लाकूड अडकलं आणि जाळं या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलं. बाईजा शेजारची, एकटी बाई. ती नुसती काठावर बसून राहिली. भगीरथचा बाप जैतू याने त्याला मारलं नाही. सुई-दोरा देऊन बाईजाशेजारी बसवलं, अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत बाईजा दोन्ही वेळा पेज पिऊन राहिली, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. जैतूने एवढंच सांगितलं, "दुसऱ्याच्या जाळ्यावरून जाताना हात वर." तेव्हापासून तरंग्यांची ओळ दिसली की हात वर. वीस वर्षं.

"सर, हे डोक्यात नाय," तो म्हणाला. "हातात आहे."

"मग हातातून काढ. उद्या सकाळी उपांत्य फेरी आहे."

दुपारी सरावाच्या पाण्यावर सरांनी दोन तरंगे लावून घेतले. वीस वेळा तो त्यांच्यावरून गेला आणि चौदा वेळा हात उठले. सरांनी पोटभर शिव्या घातल्या. तळहात सोलवटले तरी भगीरथ थांबेना. शेवटी सरांनीच त्याला ओढून बाहेर काढला, तेव्हा त्याने घरी फोन लावला आणि बापाला सांगितलं, "बाईजाआजीला दे."

"आजी, तुझं जाळं मी फाडलं होतं. आठवतं?"

"आठवतं ना. त्याचं आता काय?"

त्याने सगळं सांगितलं. तिकडे कोंबड्या ओरडत होत्या. बाईजाने विचारलं, "ती जाळी कोणाची हायेत?"

"जाळी नायत गो. नुसते तरंगे. खाली काय नाय."

"मग उचलतोस कशाला?"

"हात ऐकत नायत."

बाईजा म्हणाली, "असं कर. ते माझंच जाळं समज. माझं हाय नि मीच सांगते, फाड. मी हाय शिवायला."

फोन ठेवला आणि भगीरथ रडला. खोटं कशाला सांगायचं, चांगला हुंदके देऊन रडला. मग तोंड धुऊन पुन्हा पाण्यात उतरला. आणखी वीस फेऱ्या. सात वेळा हात उठले, पण शेवटच्या पाचांत एकदाच. "ते एकदाही नको," सर म्हणाले.

सकाळी उपांत्य फेरी. पहिले तिघे फायनलला. नऊशे मीटरला भगीरथ चौथा होता. खांदे पेटले होते, श्वास पुरत नव्हता. समोर लाल ओळ आली आणि कोपरातून ती जुनी उचल वर यायला लागली, त्याला ती स्पष्ट कळली. "फाड," तो स्वतःशीच म्हणाला. वल्हं डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, पुन्हा डावीकडे गेलं ते थेट तरंग्यावर आपटलं. तोल जाता जाता राहिला.

फलकावर नावं यायला वेळ लागला. तिसरा, आगिवले. चौथ्याच्या सेकंदाच्या शंभर भागांतले दोन भाग पुढे.

भगीरथने अंग पुसायच्या आधी फोन लावला. यावेळी बाईजा जैतूच्या ओट्यावरच बसून होती.

"फाटलं का?" तिने विचारलं.

"फाटलं गो आजी."

"किती?"

"पार."

"बरं झालं," बाईजा म्हणाली. "आता घरी आलास की सुई घेऊन बस. मला दोन वर्षं झाली, दिसत नाय."