बर्फाच्या सुट्टीचा नजराणा

माझं शुद्धलेखन चुकेल, आणि अक्षर तर पहिल्यापासूनच वेडंवाकडं आहे, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आलं ते सही करायला आणि किराणा लिहायला. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. बाळराजांच्या शाळेचे एका बाजूने कोरे कागद रद्दीत जातात, ते ठेवून घेतलेत. बोलायला गेलं की माझ्या घशातून शब्द निघत नाही, कागदावर निदान कुणी समोर बघत उभं नसतं.

मी ज्यांच्याकडे घरकाम करते ते घराणं राजाचं आहे. संस्थान कधीच गेलं, वाड्याचंही हॉटेल झालं. तेव्हा हे लोक सिंगापूरला बुकित तिमाहच्या एका कॉन्डोत भाड्याने राहत होते. सरकार एका फायनान्स कंपनीत नोकरीला. घरात त्यांच्या पत्नी बाईसाहेब, सरकारांच्या मातोश्री आईसाहेब, सहा वर्षांचे बाळराजे आणि चार वर्षांच्या ताईसाहेब. मुलांनाही अहोजाहो करायचं असा रिवाज आहे. ताईसाहेब खुर्चीवरून पडल्या तरी ‘पडल्या’च म्हणायचं. मुलं मात्र मला शाळेतल्या इंग्रजीत उत्तर देतात आणि शेवटी इथल्या लोकांसारखं ‘ला’ लावतात.

माझी आई गावाकडे भावाजवळ होती. तिचा डावा खुबा झिजला होता. काठी टेकत न्हाणीपर्यंत जायची. डॉक्टर म्हणाले होते, पडायच्या आत ऑपरेशन करून घ्या, पडल्या तर अवघड होईल. त्याच्यासाठी मी इथे पगारातून साठवत होते. दिवाळीनंतरची तारीखही भावाने धरून ठेवली होती.

त्याच पावसाळ्यात सरकारांची नोकरी गेली. घरात कुणी तसं म्हणालं नाही. सरकार सकाळी टाय लावून बाहेर पडायचे आणि खालच्या पोहण्याच्या तलावापाशी लॅपटॉप उघडून बसायचे. मला वरून गॅलरीतून दिसायचे. गाडी गेली. चांदीची भांडी एकदा डब्यातून बाहेर गेली ती परत आली नाहीत. पण डिसेंबरात मुलांना घेऊन जपानला बर्फावर जायचं आधीच ठरलेलं होतं. बाईसाहेबांचे भाऊ, वहिनी, शिवाय दुसऱ्या एका संस्थानचे पाहुणे, सगळे मिळून जाणार होते. हॉटेलचे अर्धे पैसे भरलेले, अर्धे भरायचे. ठरलेलं मोडलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं.

आमच्याकडे दसऱ्याला नजराणा असतो. उजव्या तळहातावर घडीचा रुमाल, रुमालावर नाणं, आणि ते गादीपुढे वाकून धरायचं. राजाने बोटांनी शिवायचं, की तुमचं तुम्हाला परत. आई वाड्यावर दळणकांडण करायची. तीही असाच रुपाया धरायची आणि त्याच रुपायाचा गूळ घेऊन घरी यायची. इथे गादीवर बाळराजांना बसवतात, त्यांच्यापुढे मी दर दसऱ्याला एक डॉलरचं नाणं धरायचे.

दसऱ्याच्या आधी बाईसाहेब स्वयंपाकघरात आल्या. त्या तिकडे सहसा येत नाहीत. ओट्यावरची कोथिंबीर उगीच सारखी केली.

“मावशी, तुमच्या खात्यात बरेच साठलेत ना?”

“आईच्या खुब्याचे आहेत,” मी म्हणाले.

“माहीत आहे हो. संक्रांतीच्या आत परत मिळतील. आणि आम्ही उसने मागत नाही. यंदा नजराणा म्हणून द्या. बाळराजे शिवतील, फक्त परत द्यायचं ते बर्फावरून आल्यावर. रिवाजाच्या बाहेर काही नाही यात.”

नाही म्हणायला कारण सांगावं लागतं, मग त्यावर त्या बोलतात, मग आपण बोलायचं. मी हो म्हणाले.

रात्री आईला फोन केला. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, “राजाला आपल्या पैशाची गरज लागली?” तिच्या आवाजात आनंद होता. “वाड्याला नाही म्हणू नको गं. माझा पाय काय, इतकी वर्षं दुखतोय, अजून थोडा दुखेल.” भावाने ऑपरेशनची तारीख संक्रांतीनंतरवर ढकलली. तो वडापची, सीटवर माणसं नेणारी जीप चालवतो. तो एवढंच म्हणाला, “ताई, लिहून घे काहीतरी.” नजराण्याचं कुणी लिहून घेत नाही.

दसऱ्याला सोफ्यावर जरीचा शेला टाकला. आपट्याची पानं मिळाली नाहीत, रस्त्याकडेच्या कांचनाची गळलेली आणली. बाळराजांना फेटा बांधला, तो सारखा डोळ्यांवर येत होता. मी रुमालावर बँकेतून काढलेल्या पैशांचं पाकीट धरून वाकले. बाळराजांनी दोन बोटं टेकवली आणि हात मागे घेतला.

“या वेळी ठेवून घ्या, बाळराजे,” सरकार म्हणाले.

“बट टच ओन्ली, राइट?” त्यांनी आधी वडिलांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“या वेळी ठेवून घ्यायचं.”

त्यांनी ते मांडीवर ठेवलं. नंतर बाईसाहेबांनी उचललं.

मग बर्फाची तयारी सुरू झाली. एका मॉलमध्ये मोठं तिरकं जाजम यंत्राने फिरत राहतं, त्यावर मुलांना स्कीइंग शिकवतात. गाडी नव्हती, म्हणून मी दोघांना बस आणि एमआरटीच्या आगगाडीने न्यायची. जाजम वर वर येत राहायचं आणि मुलं त्यावर खाली घसरत एकाच जागी राहायची. ताईसाहेब रडायच्या. बाळराजे पडले की तिथला मास्तर हसायचा आणि तेही हसायचे. एकदा मला म्हणाले, “मावशी, तुम्ही पण या ला. तुम्हाला धरतो मी.” मी त्यांचे कोट घेऊन बाकावर बसून राहिले. घरी लोकरीचे मोजे, टोप्या, चश्मे घालून बघणं चालायचं. बाहेर घाम निथळत असायचा आणि दिवाणखान्यात दोन लहान मुलं फुगलेल्या कोटांत उभी.

“दोन गाठोडी दिसतात,” आईसाहेब म्हणायच्या. “आमचे सासरे शिकारीला जायचे. नातवंडं घसरायला चाललीत.”

ते सगळे गेले. घरात मी आणि आईसाहेब राहिलो. गेल्यावर थोड्याच दिवसांनी भावाचा फोन आला. आई न्हाणीच्या उंबऱ्यावर पडली होती. खुबा मोडला होता.

“लगेच ऑपरेशन करायला सांगतायत,” भाऊ म्हणाला. “पैसे भरल्याशिवाय आत नेत नाहीत. ताई, ते पैसे काढ आता.”

माझ्याकडे त्या महिन्याचा पगार होता, तो पाठवला. तेवढ्याने भागणार नव्हतं. भावाने तिला सरकारी दवाखान्यात हलवलं. तिथे पायाला वजन बांधून नंबराची वाट बघत ठेवलं.

मी आईसाहेबांना दुपारचा चहा नेऊन दिला आणि तिथेच उभी राहिले.

“काय झालं? बोल की.”

मी सांगितलं. त्यांनी चहा खाली ठेवला. हातात नुसती काचेची बांगडी होती, तिच्याकडे बघितलं.

“माझ्याकडे असतं तर दिलं असतं. सगळं मुलाकडे आहे, आणि त्याच्याकडे काय आहे ते तुलाही माहीत आहे, मलाही.” मग म्हणाल्या, “नजराणा मागत नसतात गं. आम्ही कर्ज घेत नाही. आमचं फक्त परत द्यायचं राहून जातं.”

“आई आहे माझी,” मी म्हणाले.

“मग बाळराजांशी बोल. नजराणा त्यांना दिलास. शिवले ते. आठवण करून द्यायला हरकत नाही.”

दुसऱ्या दिवशी जपानहून सगळ्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी आईसाहेबांसमोर टॅब धरून उभी होते. पांढरं एवढं होतं की आधी काही दिसेना. मग बाळराजांचं लाल नाक दिसलं.

“आजी, मी मोठ्या उतारावरून आलो. नॉट द बेबी वन.”

“शाब्बास. पडलात की नाही?”

“डॅडी पडले. ट्वाइस.”

आईसाहेबांनी टॅब माझ्याकडे वळवला. मी म्हणाले, “बाळराजे, माझा नजराणा तुमच्याकडे राहिलाय. परत करायचा.”

“द एन्व्हलप?” ते म्हणाले. “मी सांगितलं होतं, टच ओन्ली. डॅडी, मावशीचं एन्व्हलप कुठंय?”

चित्र हललं. बर्फ गेला, कुणाचा तरी हातमोजा आला, आणि मग नुसतं आभाळ. सरकारांचा आवाज आला, “मावशी, आल्यावर बघू आपण.” कॉल बंद झाला. थोड्या वेळाने बाईसाहेबांनी निरोप बोलून पाठवला. मुलांसमोर हे काढायला नको होतं, पाहुणे बाजूलाच उभे होते, असं त्यात होतं.

ते परत आले तेव्हा सरकारांचा चेहरा उन्हाने रापला होता आणि डोळ्यांभोवती चश्म्याएवढा भाग पांढरा राहिला होता. बाळराजांनी माझ्यासाठी पाण्याच्या बाटलीत बर्फ भरून आणला होता. बाटली बॅगेत गळली होती, मोजे ओले झाले होते. तळाशी थोडं पाणी होतं, ते त्यांनी मला दाखवलं.

पैशांचं ‘बघू’ झालं नाही. सरकारांना एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलं होतं, ते हुकलं. संक्रांतीला मी तिळाच्या वड्या केल्या. बाईसाहेबांनी एक हातात घेतली आणि म्हणाल्या, “या महिन्यात खरंच शक्य नाही हो. मी विसरलेले नाही.” त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राऐवजी काळा दोरा होता.

तोवर आईच्या ऑपरेशनचा नंबर लागायची वेळ टळून गेली होती. पडून पडून तिच्या छातीत कफ झाला. भूल देता येणार नाही म्हणाले. भावाने तिला घरी आणलं. फोनवर ती मला ओळखायची, पण मध्येच विचारायची, “आले का राजे बर्फावरून?” मी हो म्हणायची. “थंडी बाधली नाही ना पोरांना?” नाही म्हणायची. पैशांचं तिने एकदाही विचारलं नाही. रथसप्तमीच्या आधी ती गेली.

बाईसाहेब म्हणाल्या, जाऊन या. तिकिटाचं कुणी बोललं नाही, मीही नाही. भावाने स्मशानातून व्हिडिओ कॉल लावला. मला माणसांची डोकी दिसली, लिंबाचा शेंडा दिसला, आणि बराच वेळ आभाळ दिसलं. मी भाजीचा गॅस बंद करून बघत होते. आईसाहेब येऊन स्टुलावर बसल्या आणि माझ्यापुढचे मटार सोलायला घेतले. त्यांना नीट येत नव्हतं, दाणे खाली पडत होते.

“तिच्या हातचं पीठ बारीक असायचं,” त्या म्हणाल्या.

उन्हाळ्यात सरकारांना नोकरी लागली, आधीपेक्षा लहान. आम्ही क्लेमेंटीला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलो. मी आणि आईसाहेब एका खोलीत निजतो. सोफा तोच आहे, दारातून आत घेताना त्याचा एक पाय मोडला, त्याखाली वीट ठेवली आहे.

यंदाच्या दसऱ्याला त्यावरच शेला टाकला. मी नेहमीसारखं डॉलरचं नाणं रुमालावर घेतलं. बाईसाहेब म्हणाल्या, “ते राहू द्या.” आणि त्यांनी एक जाड पाकीट माझ्या रुमालावर ठेवलं. मला काही कळेना. मग सरकार म्हणाले, “धरा पुढे, मावशी.” मी वाकून धरलं. बाळराजांचा पुढचा दात पडला होता, फेटा आता डोळ्यांवर येत नव्हता. त्यांनी दोन बोटं टेकवली आणि माझी मूठ स्वतःच्या हातांनी मिटवली.

“ओके मावशी. आता तुमच्या आईचा पाय करा ला.”

आई गेल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बाईसाहेब खाली जाजमाकडे बघत होत्या. मी “हो, बाळराजे” म्हणाले आणि आत गेले. मुलांना पुरणपोळी वाढली, तव्यावरची शेवटची उतरवली, हात धुऊन पुसले आणि पाकीट उघडलं. पैसे पूर्ण होते.