कुरवाचं कडं आणि शेऱ्याचा रकाना

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे वाक्य मी आजवर बऱ्याच ठिकाणी, बऱ्याचदा गरज नसताना सांगितलं आहे, म्हणून इथेही सांगून टाकतो. मुरबाडच्या बाजूच्या एका गावातून एसटीने कल्याणला जाऊन-येऊन मी बी. एस्सी. झालो, मग बी. एड. झालो, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी शहापूर तालुक्यात, भातसा धरणाजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. शिक्षणाने मला पगार दिला, इस्त्रीचा शर्ट दिला, आणि कुठलीही गोष्ट कागदावर उतरली की ती जास्त खरी होते ही समजूत दिली. पहिल्या दोन गोष्टींबद्दल मी अजून कृतज्ञ आहे.

थंडीत धरणाच्या पाण्यावर कुरव येतात. पांढरे, राखी पंखांचे, लाल चोचीचे पक्षी. एरवी समुद्राच्या आणि खाडीच्या काठी दिसणारे. काठावरच्या वाडीतले लोक त्यांना ‘धवला पाखरू’ म्हणत आणि विषय तिथेच संपवत. मी विज्ञानाचा शिक्षक असल्यामुळे मला तो तिथे संपवता येत नव्हता. एका नोव्हेंबरात दगडावर बसलेल्या एका कुरवाच्या पायात मला काहीतरी चमकताना दिसलं. ते कडं होतं. अभ्यासक पक्षी पकडतात, पायात नंबराचं कडं घालतात आणि सोडून देतात, पुढे कोणी नंबर वाचून कळवला तर पक्षी कुठून कुठे गेला ते समजतं, एवढं मी वाचलेलं होतं. म्हणजे जगात कुठेतरी एक माणूस माझ्या पत्राची वाट पाहत बसला आहे, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं.

शाळेत दुर्बीण एकच. ती प्रयोगशाळेच्या कपाटात, पिशवीत, पिशवीतल्या डब्यात असे आणि बाहेर काढायला मुख्याध्यापकांकडे अर्ज लागे. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून मी दर शनिवारी अर्ज द्यायचो. सर दर शनिवारी विचारायचे, “तोच पक्षी का?” मी हो म्हटलं की म्हणायचे, “मग गेल्या शनिवारी काय केलंत?”

कडं हरभऱ्याच्या दाण्याएवढं, त्यावरचे आकडे मुंगीएवढे, आणि ते गोल फिरवून कोरलेले. एका वेळी एखादाच आकडा समोर येणार, तोही कुरवाच्या मर्जीने. मी पाणी ओसरलेल्या चिखलावर पालथा पडून राहायचो. जवळ यावा म्हणून शेव-कुरमुरे फेकायचो. शेव इतर कुरव खायचे, आणि कडंवाला लांबून बघायचा. पहिल्या शनिवारी एक आकडा मिळाला, तीन. दुसऱ्या शनिवारी तो आठ वाटला. तिसऱ्या शनिवारी कुरवाने नेमका कड्याचा पाय वर घेऊन पोटात लपवला आणि मी नोंदवहीत वेळ, वारा, ढग आणि ‘आकडा अनिर्णित’ असं लिहून परत आलो. संक्रांतीपर्यंत माझ्याकडे चार आकडे होते, त्यांतले दोन खात्रीचे.

धरणावर काम करणाऱ्यांच्या भातसानगर कॉलनीतले लोक फेरफटका मारायला येत आणि मला पालथा बघून थांबत. त्यांना पक्ष्याचं सांगितलं की समाधान होत नसे. एकाने हे संशोधन पूर्ण झालं की पगारवाढ किती मिळते ते विचारलं. काठावरच्या गावातले जुने लोक मात्र दुर्बीण बघितली की गंभीर होत. त्यांच्या जमिनी याच पाण्याखाली गेलेल्या. असं यंत्र डोळ्याला लावून माणूस काठावर दिसला की त्याचा अर्थ त्यांना एकच माहीत होता. एक म्हातारे माझ्या डोक्याशी बराच वेळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “आता कुठवर पानी आननार, मास्तर?” मी त्यांना कुरवांच्या स्थलांतराबद्दल सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि गावात जाऊन जमिनीची मोजणी सुरू झाल्याचं सांगितलं.

माझं काम खरं कळलं ते एकालाच. वाडीवरचा एक मासे धरणारा होता, चाळिशीचा. ट्रकच्या ट्यूबमध्ये हवा भरायची, वर फळी टाकायची, फळीवर मांडी घालून बसायचं आणि हाताने पाणी मारत जाळ्याकडे जायचं, अशी त्याची नाव. तो निघाला की कुरव त्याच्या मागे जायचे, कारण बारीक मासे तो पाण्यात परत टाकायचा. कडंवाला तर त्याच्या जाळ्याच्या बोंडावर, म्हणजे तरंगणाऱ्या बुचावर, हातभर अंतरावर बसायचा. हे तो मला दर शनिवारी काठावर येऊन सांगायचा. मी म्हटलं, मग नंबर वाचून सांग. त्याला वाचता येत नव्हतं. तरी दोन-तीनदा त्याने मन लावून बघितलं आणि आकड्यांचे आकार बोटाने चिखलात काढून दाखवले. ते माझ्या आकड्यांशी जुळेनात, तेव्हा मी त्याला माझी नोंदवही दाखवली. नोंदवही बघून तो ट्यूब घेऊन जाळ्याकडे निघून गेला.

फेब्रुवारीत कुरव दिसेनासा झाला. तीन शनिवार मी नुसतं पाणी बघून आलो. मुख्याध्यापक म्हणाले, “बदली झाली असेल त्याची.” चौथ्या शनिवारी तो मासेवाला काठावर आला, सदरा वर केला आणि कमरेचा करगोटा पुढे ओढून दाखवला. त्यात चावीशेजारी कडं ओवलेलं होतं.

“घ्या तुमचा नंबर,” तो म्हणाला.

अडीच महिने पालथं पडून मला जे मिळालं नव्हतं ते मी उभ्या-उभ्या अर्ध्या मिनिटात लिहून घेतलं. माझ्या खात्रीच्या दोन आकड्यांपैकी एक बरोबर होता. चिखलात काढलेले आकार सगळे बरोबर होते.

मग मी पक्ष्याचं विचारलं.

“जाल्यात अडकून मेला हता. सकाली काहाडला. मेल्याला टाकाचा कशाला? खाल्ला.”

मी, शास्त्राला माहिती कमी पडू नये म्हणून, कसा लागला ते विचारलं. माशाचा वास मारतो, असं तो म्हणाला. परत असलं घरात आणू नको, असं बायकोने बजावल्याचंही त्याने सांगितलं.

मी कडी घालणाऱ्या संस्थेला पत्र पाठवलं आणि त्यांचा छापील फॉर्म आला. फॉर्म इंग्रजीत होता. मी डिक्शनरी घेऊन एक रविवार त्यावर बसलो. कडं कोणाला मिळालं, या रकान्यात मासेवाल्याचं पूर्ण नाव, वाडी, पोस्ट, तालुका लिहिलं. माझं लिहिलं नाही, कारण ते खोटं झालं असतं. कसं मिळालं: जाळ्यात. पक्ष्याचं पुढे काय झालं: खाल्ला. शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. शहाण्या माणसाने तो मोकळा सोडला असता. मला शाळेत असताना शिकवलं होतं की फॉर्मचा रकाना मोकळा सोडणं हा भरून घेणाऱ्याचा अपमान आहे. मी लिहिलं, मांसाला माशाचा वास येतो, चव मध्यम.

महिन्याभराने दोन छापील कार्डं आली. एक मला, एक ‘शोधकर्त्या’ला, म्हणजे मासेवाल्याला. वर कुरवाचं चित्र, खाली आभार, मधे शाईने लिहिलेलं त्याचं नाव. कुरव हिमालयापलीकडच्या एका तलावावर जन्मला होता असं त्यात होतं. मी वाडीवर जाऊन त्याला सगळं मराठीत वाचून दाखवलं. हिमालयाचं त्याला विशेष काही वाटलं नाही. आभाराचं वाक्य मात्र त्याने दोनदा वाचून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात वनखात्याचा गार्ड शिक्षकांच्या खोलीत येऊन बसला. आमच्याच मुरबाड बाजूचा, सज्जन माणूस. त्याने आधी चहा संपवला. मग त्याने माझ्या फॉर्मची नक्कल खिशातून काढली. संस्थेकडून अशी माहिती खात्याकडे जातेच, आणि या वेळी साहेबाने शेऱ्याभोवती लाल गोल केला होता.

“मास्तर, पाखरू खाल्ला ते लिवलंय. खाणाऱ्याचं नाव, गाव, पोस्ट लिवलंय. चव पन लिवलीय. एवढी तयार केस आमाला कोन देत नाय.”

मी म्हटलं, पक्षी आधीच मेलेला होता. तो म्हणाला, ते कुठे लिहिलंय? जाळ्यात मिळाला असं लिहिलंय, आणि जाळ्यात मिळाला म्हणजे धरला. केस झाली तर जाळं आणि ट्यूब जप्त, आणि शहापूरच्या कोर्टात तारखा. त्या माणसाकडे जाळं आणि ट्यूब याशिवाय काही नव्हतं, हे गार्डलाही माहीत होतं आणि मलाही. ते फॉर्ममध्ये नव्हतं, कारण तसा रकाना नव्हता.

उपाय गार्डनेच सांगितला. मी दुसरं पत्र द्यायचं: आधीची माहिती ऐकीव होती, कडं मला स्वतःला काठावर पडलेलं मिळालं, पक्षी कोणी खाल्ल्याचं मी पाहिलेलं नाही, शेरा रद्द समजावा. मी विचारलं, पण चवीचं मी कसं लिहिलं असं कोणी विचारलं तर? तो म्हणाला, “बोलायचं, शिक्षकाला लिवायची सवय असते.” आयुष्यातलं पहिलं लेखी खोटं मी चार वेळा कच्चं करून पाचव्यांदा सुवाच्य अक्षरात उतरवलं. गार्डने वाचून मान हलवली आणि निघताना म्हणाला की वाडीवरचं ते कार्डही काढून आणा. साहेब कधी स्वतः आले तर भिंतीवर त्याचं नाव नको.

कार्ड मासेवाल्याने दारातून आत शिरताच दिसेल असं, भाताच्या शितांनी भिंतीला चिकटवलं होतं. तोवर ते वाडीतल्या सगळ्यांनी, दोन पाहुण्यांनी आणि एका एसटी कंडक्टरने बघितलेलं होतं. मी खाली बसून सगळं सांगितलं. माझ्यामुळे झालं हेही सांगितलं. ते त्याच्या आधीच लक्षात आलं होतं.

“जाला नेतील काय?” त्याने एवढंच विचारलं.

मी म्हटलं, आता नाही नेणार. पण हा कागद द्यावा लागेल.

त्याने भिंतीवरच्या कार्डाकडे बोट केलं. “आभार मानल्यात ते मागं घेतात काय, मास्तर?”

त्याची बायको चुलीपासून म्हणाली, “मी बोललीवती, ता पाखरू घरात आनू नको.” त्याने तांब्यातलं पाणी बोटांनी कार्डाच्या कडांना लावलं, शितं सुटू दिली, आणि फाटू न देता ते सोलून माझ्या हातात दिलं. मागच्या बाजूला भिंतीचं सारवण चिकटून आलं होतं.

केस झाली नाही. संस्थेने मात्र माझं दुरुस्तीचं पत्र फारच गांभीर्याने घेतलं आणि नवं कार्ड पाठवलं. शोधकर्ता म्हणून त्यावर माझं नाव होतं. मुख्याध्यापकांनी ते सूचनाफलकावर लावलं, आणि वर्षाअखेरीच्या कार्यक्रमात, आपल्या शिक्षकाने चिकाटीने कड्याचा शोध लावला, असं सांगून मला शाल आणि नारळ दिला. मी उभा राहून दोन्ही घेतले. नाही म्हणायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि सगळं सांगण्याचा माझा अनुभव ताजा होता.

पुढच्या थंडीत कुरव पुन्हा आले. मी अर्ज देऊन दुर्बीण घेतली आणि काठावर गेलो, पण पालथा पडलो नाही. दूर पाण्यात मासेवाल्याची ट्यूब दिसत होती. वर्षभर आम्ही एसटी स्टँडवर भेटलो तर तोंडओळखीपुरतं बोलत होतो. पाखराचा विषय त्याने काढला नव्हता, मीही नाही. त्या दिवशी तो सरळ काठाकडे आला आणि फळीवरून न उतरताच म्हणाला,

“एक कडंवाला आलाय. माझ्या बोंडावरच बसतो. बघाचा तर चला, फळीवर दोघं मावू. पन लिवाचा नाय.”

मी चपला काढल्या, पँट वर दुमडली आणि त्याच्या मागे फळीवर बसलो. ट्यूब एका बाजूला कलली, त्याने मला सरकायला सांगितलं. कुरव हातभर अंतरावर होता आणि उडाला नाही. त्याने दोनदा पाय बदलला, एकदा पूर्ण वळला. दुर्बिणीची गरजच नव्हती. आकडे मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, हलक्या आवाजात, पण मासेवाल्यालाही ऐकू जातील असे. पेन खिशात होतं, ते खिशातच राहिलं. तो नंबर मला अजून पाठ आहे. इथे लिहीत नाही.