अपडेट चालू असताना

डिझेलचा धूर नाकात गेला की कामठ्यातली ती दुपार आठवते. वरात निघायला तासभर होता आणि मामाच्या डीजेच्या गाडीवर जनरेटर लावून नवा प्लेयर अपडेट होत होता. "इंग्रजी शाळेतली ना तू? वाच न माय," मामा म्हणाला. मध्येच वीज गेली तर प्लेयर कायमचा जाईल, असं पडद्यावर लिहिलं होतं. मी ते पुटपुटले, त्याला ऐकूच गेलं नाही. निळी रेघ सावकाश सरकत होती, पलीकडे धानाच्या बांध्यांवर ऊन तरंगत होतं. तेवढ्यात डिझेल वाचवायला, नेहमीच्या सवयीनं, मामाचा हात जनरेटरकडे गेला. "मामा, बंद नका करू!" मी किंचाळले. सगळा मांडव वळला. "अवो, हिले आवाज हाय!" मामी हसली. मामाचा हात मात्र तिथंच थांबला होता. त्यानंतर मी इतक्या मोठ्यानं कधी बोलले नाही; पण बोलता येतं, हे मला ठाऊक आहे.