डॉक्टरांच्या वर्गातली मावशी

दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमारास मी सांगलीतल्या एका दवाखान्यात नर्स होते. मुंबईहून शिकून आलेले आमचे मोठे डॉक्टर दर महिन्याला तालुक्यातले डॉक्टर, वैद्य आणि आम्हा नर्सना बसवून तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा वर्ग घ्यायचे. शिकवायचे मात्र झकास. दुखत नाही पण भरतही नाही, त्या फोडाला आधी घाबरा, म्हणायचे. तंबाखू थुंकायला लावा, जीभ उचलून बघा, मान चाचपा, आणि संशय आला की एक दिवससुद्धा दवडू नका. मी तर त्यांना देव मानत होते.

त्यांचं ऐकूनच मी आटपाडीच्या मावशीचं तोंड तपासलं. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं होतं. जन्मभर तंबाखूची मिश्री लावलेल्या त्या तोंडात, गालाच्या आत, हरभऱ्याएवढा फोड होता. तिला तशीच सांगलीला आणली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंस, मुंबईत रेडियमनं बरी होईल, तिथल्या डॉक्टरांना मी लिहितो. फक्त आधी एकदा वर्गाला दाखवू.

आमच्याकडे बाई दिरासमोर जांभई देत नाही. मावशी तर पाणीसुद्धा पदराआड प्यायची. तिला मी हातापाया पडून खोलीभर पुरुषांपुढे बसवली. "बरं हुयाचं आसंल तर दावते बाई," ती म्हणाली. एकेकानं वाकून, बॅटरी मारून पाहिलं. तिचे डोळे वाहत होते, पण तिनं तोंड मिटलं नाही.

मग मुंबईचं विचारलं की डॉक्टर म्हणायचे, तिथं जागा नाही, कळवतील. पुढच्या महिन्यात पुन्हा वर्ग, पुन्हा मावशी. तिसऱ्या वर्गापर्यंत तिला भाकरी चावेनाशी झाली होती.

त्या दिवशी तिचा गाल उजेडाकडे वळवून ते इंग्रजीत म्हणाले, "पहिल्यांदा हा फोड एवढासा होता. उपचार केले नाहीत तर तो कसा पसरतो, हे तुम्हाला दिसावं म्हणून हिला मी थांबवून ठेवली." लोकांनी माना डोलावल्या. मावशीला वाटलं, आपलं कौतुकच चाललंय. मी उभी राहून विचारलं, मुंबईला लिहिलं तरी होतं का? त्यांनी नव्हतं लिहिलं. असा रुग्ण शिकवायला पुन्हा मिळत नाही, असं ते मला समजावून सांगू लागले. त्यांच्यावर ठेवला इतका विश्वास मी सख्ख्या भावावरही टाकला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकून तिला मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तोंडात एकदा पाहिलं आणि ते तिच्यावर चिडले. इतके दिवस एकाही डॉक्टरला का दाखवलं नाही, म्हणाले.

मावशी पदर सावरत म्हणाली, "आवं, लय डाक्टरांनी बघितलं की. एकबी ऱ्हायला न्हाई."