खोताच्या ओटीसमोरची चाळीस पावलं

सर्व लहानथोर, आयाबाया आणि पंचमंडळी यांस कळावे. टोपी असेल त्यानं काढावी, विडी पेटलेली असेल त्यानं विझवावी. बाब गंभीर आहे. आपल्या कुलाबा जिल्ह्यात पगार घेऊन शर्यतीत सायकल चालवणारा पहिला माणूस मी. आणि शर्यत चालू असताना सायकल हातात धरून शांतपणे चालत जाणारा, माझ्या माहितीप्रमाणे, अख्ख्या पृथ्वीवर मी एकटा.

हसलात? हसा. तेव्हाही लोक हसले होते.

इंग्रजांचं राज्य होतं. एकोणीसशे तीसच्या पुढचं कुठलंसं साल. शर्यत अलिबागहून सुटायची, रेवस बंदरावरच्या पिंपाला वळसा घालून परत अलिबागला यायची. रस्ता खडीचा. परतीला मी पुढे होतो. इतका पुढे, की मागच्यांची नुसती धूळ दिसत होती. मग आमचं गाव आलं. गावात रस्त्याला लागून खोताचं घर, घराला उंच ओटी, ओटीवर झोपाळा, झोपाळ्यावर खोत. हातात अडकित्ता.

मी ब्रेक दाबला. खाली उतरलो. मान खाली घातली आणि सायकल धरून चालू लागलो.

आम्ही खोताची कुळं. खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यातून राखलेली खाजण जमीन त्याची, आम्ही ती कसायची. आमचं घर उभं होतं ती जागाही त्याचीच. त्याच्या दारावरून जाताना कुळानं वहाणा हातात घ्यायच्या, छत्री मिटायची. पाऊस असला तरी मिटायची. सायकल आली तेव्हा नियमात सायकलही आली. कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाळीस पावलं. जाताना चाळीस, येताना चाळीस.

वकिलाचा मुलगा पुढे गेला. मामलेदाराचा भाचा पुढे गेला. शेवटी खोताचा धाकटा मुलगा विलायती सायकलवरून, घंटी वाजवत गेला. खोत झोपाळ्यावरून म्हणाला, "सावकाश रे. धूळ उडवू नकोस."

ओटीवर हशा पिकला. पुढे विलायती सायकलीनं बाकीच्यांनाही मागे टाकलं आणि चषक धाकट्याला मिळाला.

मला पगार देणारा शेठ मुंबईचा. मुंबईत त्याचं सायकलींचं दुकान, किहीमला नारळाची वाडी आणि बंगला. त्याच्या सायकलीनं शर्यत जिंकली तर त्याच्या सायकली खपणार, म्हणून मी. तो अलिबागला दोन्ही हात डोक्यावर घेऊन उभा होता.

"अरे, मागे पडला केम तू? ट्यूब गेली?"

"नाही शेठ. खोताचं घर आलं."

बिचाऱ्या शेठला ट्यूब दुरुस्त करता येत होती. याला त्याच्याकडे ठिगळ नव्हतं.

याच शेठच्या बंगल्यात एक फ्रेंच मासिक यायचं. त्यात एका पोराचा फोटो होता. माझ्याच वयाचा. तोंड चिखलानं माखलेलं, छातीवर जादा टायर जानव्यासारखे आडवे घातलेले. शेठ म्हणाला, याचा बाप कोळशाच्या गोणी वाहतो आणि हा पगारावर सायकल चालवतो. डोंगर चढतो. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून ओरडतात.

मी विचारलं, "हा राजाच्या वाड्यापुढे उतरतो का हो?"

शेठ पोट धरून हसला. "राजा? तिकडे राजा ठेवलाच नाय."

मी तो फोटो मागून घेतला. घरात कुडाच्या भिंतीला चिकटवला. आबा, माझा बाप, त्याच्याकडे बघून म्हणायचा, "बिचारा. आंघोळीला पाणी न्हाय वाटतं त्याच्या गावात."

पुढच्या वर्षी मी हुशारी केली. मला वाटलं, नियम उतरण्याचा आहे, सावकाशीचा नाही. किहीमच्या पुळणीवर ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूत महिनाभर सराव केला. चालत्या सायकलवरून उडी, सायकल खांद्यावर, चाळीस पावलं धूम, पुन्हा उडी मारून बैठकीवर. डोळ्याचं पातं लवायच्या आत. फोटोतला तो पोरगा माझ्याकडे शिकायला आला असता, अशी माझी ठाम समजूत होती.

जाताना जमलं. येताना खोताचा गडी काठी आडवी धरून उभा.

खोत म्हणाला, "पळायचं नाही. चालायचं."

"धनी, उतरलोय ना?"

"उतरलास. पण पळतोस ती मस्ती आहे. चाल."

मी चाललो. मागून घंटी वाजली. धाकटा पुढे गेला.

मला सांगा, यावर माणसानं करायचं काय? मी नियमाच्या आत राहून वाट काढली, तर नियम माझ्यामागून पळत आला. माझ्यापेक्षा जोरात.

तिसरं वर्ष. आता ऐका. इथे मी गंमत करत नाही.

जाताना गावात शिरलो तर कुंपणापाशी आबा. अनवाणी, छत्री मिटून काखेत, भर उन्हात. खोतानं त्याला मुद्दाम बोलावून उभं केलं होतं. "तुझाच पोरगा आहे ना? तूच त्याची पावलं मोज. मोठ्यानं."

मी उतरलो. आबा मोजू लागला. आबाला वीसपर्यंतच मोजता यायचं. खाजणाच्या बांधावर मातीच्या पाट्या मोजायची आमची तीच रीत. वीस झाल्या की एक खडा बाजूला टाकायचा आणि पुन्हा एकपासून. आबा वीसपर्यंत आला. खडा घ्यायला वाकला. ओटीवरचे हसले. आबा गडबडला. पुढचा आकडा त्याच्या तोंडून फुटेना.

"चुकलास," खोत म्हणाला. "पुन्हा पहिल्यापासून. याला मागे पाठव."

आबानं माझ्याकडे बघितलं नाही. खाली बघत म्हणाला, "जा रं मागं."

मी मागे गेलो. पुन्हा चाळीस पावलं. आबा मोजत होता. बांध फुटला तर रात्रभर छातीएवढ्या पाण्यात उभा राहणारा माझा बाप. तो एकेक आकडा चाचपत मोजत होता आणि मी त्या आवाजाबरोबर पाय टाकत होतो. एक. दोन. तीन. माझ्या पावलांपेक्षा मला तो खडा दिसत होता. त्याच्या मुठीत आवळलेला.

रेवसपर्यंत मी कसं चालवलं ते मला आठवत नाही. माणसं मागे पडत होती एवढं कळलं. पिंपाला वळसा घालताना मी ठरवलं. आता नाही. घर गेलं तरी नाही.

परत गाव आलं. आबा रस्त्याच्या मधोमध. गड्याच्या हातात काठी. खोत झोपाळ्यावरून उठून उभा.

"उतर!"

मी उतरलो नाही.

"उतर म्हणतो ना!"

"आबा, बाजूला हो!" मी ओरडलो.

आबा हलेना. मी पायडल मारत राहिलो. अगदी जवळ आलो, तेव्हा आबा एकदम वळला आणि गड्याच्या अंगावर गेला. काठी खाली पडली. मी गेलो. चाळीस पावलांची वाट बसल्याबसल्या किती लहान असते, ते मला त्या दिवशी कळलं.

अलिबागला पहिला आलो. तरी पंचांनी चषक धाकट्याला दिला. गावातून जाताना मी बेशिस्त वागलो, असं पंच म्हणाले. पंच खोताच्या पंगतीतले. शेठनं डोळ्यांत पाणी आणून मला काढून टाकलं. "मारी वाडीसुद्धा खोतच्या जमिनीला लागून छे रे." झालं. तीन शर्यती, बक्षीस शून्य. ही माझी सगळी कारकीर्द. आठवड्यात खोतानं खाजण काढून घेतलं. मग घर मोडायला लावलं. कुडावरचा फोटो आईनं ओच्यात घेतला, तेवढा वाचला.

लोक विचारतात, काय मिळालं? काही नाही. ती जमीन आजही आमची नाही. राग गेला का? नाही. जाऊ देणारही नाही. पण मी कुणाच्या दारापुढे सायकलवरून उतरत नाही. साहेबाच्या नाही, पुढाऱ्याच्या नाही. सासऱ्याच्या दारीही अंगणात चाक शिरेपर्यंत नाही. माझ्या मुलांना मी शंभरापर्यंत मोजायला शिकवलं, आणि सांगून ठेवलं की दुसऱ्याच्या हुकमावरून स्वतःची पावलं मोजायची नाहीत.

आणि एक राहिलं. मी पुढे गेलो तेव्हा मागे खोत आबावर ओरडत होता, "हाक मार त्याला! उतरव त्याला!" आबानं हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्या ओटीसमोर तो स्वतःच्या मनचं मोठ्यानं बोलला. मुठीतला खडा त्यानं रस्त्यात फेकला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "आता उतरू नको रं पोरा! मेलास तरी उतरू नको!"