पट्टा कुठून सुरू होतो

घरात पट्टेरी साप निघाला, तर काठी उचलण्याआधी तुम्ही त्याच्या मानेकडे पाहता का? मी पाहत नव्हते. ते मला उमेळ्याच्या बस्त्यावकाकांनी शिकवलं, आणि सहा आठवड्यांपूर्वी ते गेले. शेवटच्या भेटीत त्यांना बोलतानाही धाप लागत होती. स्वतःच्या दुखण्याबद्दल अक्षर नाही, फक्त विचारलं, "बाय, ते तीन मिळाले काय?" मी नाही म्हटलं... त्यांनी डोळे मिटले.

त्यांची केळीची बाग आमच्या बागेला लागून होती. एकदा आमच्या कौलांतून पट्टेरी साप जात्यावर पडला. मण्यार, मण्यार म्हणत बाबा कुऱ्हाड शोधू लागले. काका आले आणि गुडघ्यांवर हात ठेवून दुरूनच बघत राहिले, रविवारी देवळात बसत तसे गप्प. मग म्हणाले, "कवड्या आहे. पालीमागे आलाय. कुऱ्हाड ठेवा, शेठ, लाकडं फोडायला लागेल." त्याला टोपलीत घेऊन बागेत सोडलं. परत आल्यावर त्यांनी चुन्याची डबी काढून आमच्या डांबर फासलेल्या दारावर बोटाने दोन साप काढले. एकाचे पट्टे थेट मानेपासून निघालेले आणि शेपटीकडे विरत गेलेले, तो बिनविषारी कवड्या. दुसऱ्याची मान कोरी आणि पट्टे शेपटीकडे दाट, ती मण्यार. "आणि मान दिसली नाही, तर मण्यारच समजायची," ते म्हणाले. ज्या माणसाला अक्षर येत नव्हतं, त्याने दोन रेघांत जन्ममरण लिहिलं होतं. मी थक्क झाले.

थक्क होऊन गप्प बसले असते तर बरं होतं. पण मी पत्रकं वाचत वाढलेली. अन्याय दिसला की छापखाना गाठायचा, हाच संस्कार. गावोगाव निरपराध साप ठेचले जातात याचा संताप आला आणि मी पिवळ्या कागदावर दोनशे पत्रकं काढली: 'घरातल्या पट्टेरी सापाला भिऊ नका, तो गरीब कवड्या आहे!' मानेचं वाक्य जागेअभावी मीच कापलं. घोषणा ठसठशीत हवी होती ना.

काकांनी ते मुलीकडून वाचून घेतलं आणि तडक आले. "मान कुठाय?"

"लोकांना एवढं कळतं, काका."

"मला कळायला वीस वर्षं लागली. तुझ्या लोकांना एका कागदात कळलं काय?"

मग आम्ही घरोघर फिरून पत्रकं परत मागितली. एकाने टोमणा मारला, "बस्त्याव, साप संपले म्हणून कागद धरतोस?" काका म्हणाले, "साप पाऊल वाजलं की जातो. हा भिंतीवर बसून राहतो."

चुळण्याच्या एका घरात माझं पत्रक खळीने चिकटवलं होतं, आणि त्याखाली सरपणात पट्टेरी वेटोळं. घरची सून उलथन्याने ते उचलायला वाकली होती. "कवड्याच आहे, लिहिलंय की," ती हसून म्हणाली. काका आवाज न चढवता म्हणाले, "पोरी, हात तिथेच ठेव. आता मागे ये... अजून." ती मागे आली. मग ते मला म्हणाले, "बघ."

मान कोरी होती.

त्यांनी वेटोळ्यावर टोपलं पालथं घातलं, वर दगड ठेवला आणि भिंतीवरचं पत्रक नखाने खरवडून काढलं. तिथे चूक कोणाची हे त्यांनी सांगितलं नाही. ते मी सांगितलं.

एकशे सत्त्याण्णव परत आली. त्या संध्याकाळी काकांनी आमच्या दारावर, दोन सापांच्या खाली, चुन्याची तीन बोटं उमटवली. पुढे भेटले की आधी तीच विचारपूस. दोन साप आता पुसट झालेत, मी ते गिरवते. तीन बोटं मात्र गिरवावी लागत नाहीत, जाता-येता दिसतात.

वाचकहो, उमेळे, चुळणे, सोपारा, कुठेही असाल, आज भिंती बघा, फडताळात अंथरलेले कागद उलटून बघा. पिवळ्या कागदावर वर लिहिलेली घोषणा असेल, तर तो चुलीत घाला आणि मला निरोप धाडा. मी एक बोट पुसेन.