चोर बीटीचा बोर्ड लावणारे मामा

आमचे मामा कधी घासाघीस करत नसत. अकोला स्टेशनवर ऑटोवाल्याने सांगितलेला भाव पटला तर बसायचं, नाहीतर चालू लागायचं. "त्याचा ऑटो, त्याचा भाव. आपले पाय, आपली मर्जी," म्हणत ते मे महिन्याच्या उन्हात बसस्टँडकडे निघायचे. मागून पिशव्या सावरत मामी यायची. "मर्जी तुमची अन् पाय माये!"

सरकारने शेतकऱ्याच्या वावरातून बाहेर निघावं, बियाणं आणि बाजार दोन्ही मोकळे सोडावेत, एवढंच मामांचं मागणं होतं. लग्नाच्या पंगतीतही हा विषय ते जिलेबी यायच्या आत काढत. वाढणारे मग त्यांच्या पानाजवळून जरा लगबगीनेच सरकत.

त्या सुमारास तणनाशक फवारलं तरी न मरणारी कपाशी आमच्या भागात आली होती. जनुकं बदललेल्या या बियाण्याला सरकारची मंजुरी नव्हती, म्हणून लोक त्याला 'चोर बीटी' म्हणत. निंदायला बाया मिळत नव्हत्या आणि पावसाची झड लागली की तण कपाशीच्या वर जाई. त्यामुळे निम्मं गाव ते बियाणं लावत होतं, पण कबूल कोणी करत नव्हतं. मामांना त्या नावाचाच राग. "चोर काहून? मी लपून राह्यलो का?" त्यांनी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पत्र्याचा बोर्ड ठोकला : 'या वावरात बंदीचं बियाणं पेरलं आहे. पाहायला या.'

कृषी खात्याचा एक तरुण अधिकारी खरंच पाहायला आला. मामांनी त्याला खाट टाकून दिली, चहा पाजला. तो बिचारा हळूच म्हणाला, "काका, निदान बोर्ड तरी काढा. बोर्ड नसता तर मी आलोच नसतो."

"म्हंजे तुमाले बियान्याचा तरास नाई, बोर्डाचा हाये," मामा म्हणाले.

बोर्ड राहिला आणि मामांवर गुन्हा दाखल झाला.

घरात मात्र त्यांना तोडीस तोड माणूस होतं. मामीला माहेरून दोन एकर मिळाले होते. त्यात ती कपाशीच्या ओळींतून मूग आणि बरबटी, म्हणजे चवळी, घ्यायची, आपोआप उगवलेली चिवळ खुडून भाजी करायची. मामा ज्याला तण म्हणत, ते मामीच्या ताटात असायचं. तिनेही फवारणीची कपाशी लावावी म्हणून मामा एकदा जेवताना तासभर बोलले. मामीने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमी सरकारले म्हन्ता, आमच्या वावरात येऊ नका. मंग माया वावरात तुमी काहून येऊन राह्यले?"

आम्ही भाचरं हसून लोळलो. मामा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "बरोबर हाये." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

पुढच्या वर्षी मी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हाच ते घडलं. नेहमीच्या माणसाकडून आणलेलं बियाणं खोटं निघालं. फवारणीनंतर आठवडाभरात तणासोबत सगळी कपाशीही पिवळी पडून माना टाकू लागली. बियाणंच बंदीचं, तेव्हा पावती नव्हती आणि तक्रारीची सोय नव्हती. तो माणूस फोन उचलेना. मामा धुऱ्यावर बसले होते.

"खुल्या बाजारात दुकानाले दार असते, पोरी," ते म्हणाले. "जाऊन भांडता येते. याले दारच नाई. वाजवू कुठं?"

पण ते बसून राहिले नाहीत. मला सोबत घेऊन घरोघर निघाले. "माया बियान्यात खोट निंगाली. फवाराच्या आंधी एका कोपऱ्यात मारून पाहा."

"आमी थे बियानं लावलंच नाई, भाऊ," प्रत्येक जण म्हणे.

"नाई लावलं तं नाई. पन कोपऱ्यात पाहून घेजा."

त्या आठवड्यात गावातल्या बऱ्याच वावरांच्या कोपऱ्यांत पिवळे चौकोन दिसले. त्या वावरांत पुढे फवारणी झालीच नाही. मामांचे आभार मानायला मात्र कोणी आलं नाही. आभार मानले तर लावलं हे कबूल करावं लागलं असतं. मामांना त्याचंच भारी हसू यायचं. उरलेला हंगाम ते मामीच्या वावरात निंदायला जात, आणि ती त्यांचं काम बारकाईने तपासे.

दोन वर्षांनी मामा हृदयविकाराने गेले. खटला चालूच होता. तारखेला मामी माझ्यासोबत अकोल्याच्या कोर्टात आली. शिपायाने मामांच्या नावाचा पुकारा केला तशी ती उठून उभी राहिली. वकिलांनी मृत्यूचा दाखला पुढे केला. न्यायाधीशांनी तो पाहिला आणि आरोपी हयात नसल्याने खटला बंद केला.

मामी जागची हलली नाही. "साहेब, पन त्याइचं बरोबर होतं का चूक?"

न्यायाधीशांनी दाखला फाईलला लावून ती मिटली. मग पुढच्या खटल्याचा पुकारा झाला.

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. मामीने बशीत फुंकर मारली.

"मले तं थो फवारा कधीच पटला नाई," ती म्हणाली. "पन आज ते असते, तं काय बोलले असते माय!"

आणि पदराच्या टोकाने डोळे पुसून तिने माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला.